ठकूआत्या आणि नावांचे दगड

फार वर्षांमागची गोष्ट आहे. नेमकी किती वर्षांमागची, ते कुणी विचारू नये, आणि निमदऱ्यात जाऊन तर मुळीच विचारू नये. तिथं हा प्रश्न निघाला की पारावरचा एक म्हातारा एक सांगतो, दुसरा दुसरंच सांगतो, दोघांची जुंपते आणि गोष्ट राहते बाजूला. म्हणून आपण एवढंच धरू, की तेव्हा बालाघाटातल्या त्या माळावर गाव नव्हतं, वाट नव्हती, बांध नव्हता. एक लिंबाचं झाड होतं आणि बाकी सगळा खडक.

त्या माळावर एके दिवशी पाच घरांची माणसं येऊन टेकली. खाली नदीकाठचं त्यांचं जुनं गाव लागोपाठच्या अवर्षणात उठलं होतं. पोरंबाळं, चार बैल, दोन म्हशी आणि डोक्यावरची गाठोडी, एवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं. त्यांच्यात ठकू नावाची एक बाई होती. नवरा लवकर गेला म्हणून भावाच्या घरात राहायची. भावाची पोरं तिला आत्या म्हणायची, त्यांचं ऐकून बाकीच्या घरांतली पोरंही आत्या म्हणू लागली, आणि पुढंपुढं तर तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा तिला ठकूआत्याच म्हणायची.

ही ठकूआत्या प्रसिद्ध होती ती तिच्या वैतागासाठी. काही बायकांच्या हाताला चव असते, काहींच्या गळ्यात गाणं असतं, तसा हिच्या जिभेवर वैताग होता. माणूस असो, जनावर असो, वारा असो, कुणाची गय नाही. असं म्हणतात, घाट चढताना वाघ आडवा आला तेव्हा पुरुषमाणसं मिळेल त्या झाडावर चढली, आणि आत्या तेवढी खाली उभी राहून वाघाला म्हणाली, की बाबा, आधीच पोरं दमलीत, त्यात तुझं काय मधेच, हो बाजूला. वाघ बाजूला झाला. जाताना त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही, असं म्हणतात.

माळावर आल्यावर पुरुषमंडळी लिंबाच्या सावलीत बसली आणि त्यांचं बोलणं सुरू झालं. इथंच राहावं की पुढं जावं. राहिलं तर पाणी कुठंय, आणि पुढं गेलं तर तिथं तरी असेल कशावरून. सकाळी सुरू झालेलं बोलणं उन्हं कलली तरी संपेना. तान्ह्या पोरांचं रडणं थांबलं होतं, कारण रडायलाही घशात ओल लागते. डोंगराच्या पायथ्याशी एका कपारीत शेवाळाचा हिरवा डाग होता. तो सगळ्यांना दिसत होता, पण उठून जातो कोण. तेव्हा आत्यानं पदर कमरेला खोचला आणि तोंड सोडलं. ती काय काय बोलली ते निमदऱ्यातल्या बायका आजही म्हणून दाखवतात, पण पोरासोरांपुढं सांगण्यासारखं ते नाही. असं म्हणतात, तिचं ते बोलणं ऐकून जमीन भ्याली आणि जमिनीला पाणी सुटलं.

त्या जागी विहीर खणली गेली. पाचही घरं खपली. बायकांनी डोक्यावरून मुरूम वाहिला, पोरांनी बारीक दगड वेचले. एक दरड ढासळली आणि सुभाना नावाचा एकटाच असलेला माणूस तिच्याखाली गेला. त्याला ना बायको ना मूल, त्याच्यासाठी आत्याच रडली, आणि रडता रडता त्यालाच रागावत राहिली, की तुला सांगितलं होतं ना तिथं उभा राहू नको म्हणून. पुढं विहिरीला पाणी लागलं. डोंगराच्या अंगानं पातळ खडकाखालून एक झरा यायचा आणि विहिरीच्या तळाशी त्याचं मनगटाएवढं तोंड उघडायचं. विहिरीत उतरायला पायऱ्या नव्हत्या. खडकात पाय रोवण्यापुरत्या खोबणी होत्या आणि एक दोर.

तेव्हापासून एक रीत पडली. वैशाखात पाणी तळाला गेलं की पाचही घरांनी मिळून विहिरीत उतरायचं, वर्षाचा गाळ उपसायचा आणि झऱ्याचं तोंड हातानं मोकळं करायचं. ते एक वर्ष राहिलं तर पाणी कमी व्हायचं. दोन वर्षं राहिलं तर काय होईल, हे बघायची कुणाची छाती नव्हती.

वर्षं गेली. माळावर गाव झालं, गावाला निमदरा नाव पडलं, ज्वारी पिकायला लागली, लग्नं झाली, भांडणं झाली. त्या पहिल्या दिवशी जी मोठी माणसं आली होती ती एकेक करून गेली. एकटी ठकूआत्या राहिली. कंबर वाकली, दात गेले, पण वैताग शाबूत होता. असं म्हणतात, साक्षात यम दोनदा दारात येऊन गेला आणि दोन्ही वेळा, पायाची माती आत आणतोस म्हणून आत्यानं त्याला उंबऱ्यावरूनच परत लावला.

आणि मग गावात भिवा पाथरवट आला.

भिवाचा काही दोष नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पोटामागं फिरणारा माणूस, हातात छिन्नी-हातोडा, चार घरी जेवायचा आणि सांगाल ते घडवून द्यायचा. आत्यानंच त्याला पहिलं काम दिलं. म्हणाली, सुभानामागं त्याचं नाव घेणारं कुणी नाही, तेव्हा त्याच्या नावाचा एक दगड घडव. भिवानं हातभर दगड घडवला, वर चंद्रसूर्य कोरले, खाली कुदळ कोरली आणि सुभानाचं नाव लिहिलं. दगड विहिरीपासून जरा लांब, बांधाच्या कडेला उभा राहिला. आत्यानं त्याला तेल लावलं. सगळ्या गावाला बरं वाटलं. इथं गोष्ट थांबली असती तर किती चांगलं झालं असतं.

पण दुसऱ्याच दिवशी एकाच्या मनात आलं, की सुभानाचा दगड आहे तर माझ्या बापाचा का नसावा. विहिरीत मेला नाही म्हणून काय झालं, तो जगला हा काय त्याचा गुन्हा? झालं. ज्या जागी त्याच्या बापानं पहिला नांगर धरला होता तिथं दगड उभा राहिला. त्याच्या शेजाऱ्यानं आपल्या आजीनं जिथं पहिली चूल मांडली तिथं दगड लावला. मग कुणी पहिल्या गोठ्याचा लावला, कुणी पहिल्या उकिरड्याचा. एकानं तर त्याचा आजा माळावर आल्यावर जिथं पहिल्यांदा पाय घसरून पडला तिथं दगड उभा केला, आणि वर्षभरात तिथंच अडखळून बरीच माणसं पडली. हल्ली ज्याला स्मृतिफलक म्हणतात ना, तेच हे. गावात जिथं बसायला जावं तिथं कुणाचा तरी पूर्वज आधीच बसलेला असायचा.

आणि गंमत अशी, की गावात वाचता येणारं एकही माणूस नव्हतं. काय लिहिलंय ते भिवाला विचारायचं आणि पाठ करून ठेवायचं. तरीसुद्धा एकमेकांच्या दगडाकडं बघून माणसं जळायची.

आत्याचा जीव मेटाकुटीला आला. कारण त्या पहिल्या दिवसाची जिवंत साक्षीदार तीच एकटी, आणि प्रत्येकाला तिच्या तोंडून आपल्याला हवं तेच वदवून घ्यायचं होतं. सकाळी भाकरी थापायला बसावं तर दारात एक, दुपारी जरा आडवं व्हावं तर उशाशी दुसरा. त्यातल्या त्यात दोघांनी तिला फार पिडलं. एक तिचा सख्खा भाचा रायाजी, तोच तो नांगराचा दगड लावणारा, आणि दुसरा सटवाजी, पलीकडच्या आळीतला. विहिरीत पहिली कुदळ आपल्याच बापानं मारली, असं दोघांचंही म्हणणं होतं. एकदा दोघं एकाच वेळी येऊन धडकले आणि आत्याला म्हणाले, की आज काय ते सांगूनच टाक.

आत्यानं हातातलं पीठ खाली ठेवलं.

"पहिली कुदळ कुणाची, ते मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "सगळे एकदमच खाली वाकले. आन् पहिल्या घावाला निघालं काय, ते तर इचारा. ठिणगी निघाली. पाणी निघाया म्हैने गेले. त्या म्हैन्यांचा दगड लावा की कुणीतरी."

दोघांनाही हे पटलं नाही. बाहेर पडताना पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते म्हणजे म्हातारीला आता काही आठवत नाही.

त्या वैशाखात पाणी तळाला गेलं आणि माणसं रितीप्रमाणं विहिरीवर जमली. दोर सोडला. आणि कुणी उतरेना. पूर्वी कोण आधी उतरतो याकडं कुणाचं लक्षही नसायचं. आता मात्र आधी उतरेल त्याच्या नावाचा उद्या दगड लागेल, हे सगळ्यांच्या डोक्यात होतं. रायाजीनं दोराला हात घातला की सटवाजीची माणसं त्याचा हात धरत. सटवाजी पुढं झाला की रायाजीची माणसं आडवी येत. दुपार झाली, टोपल्या तशाच पडून राहिल्या, माणसं घरी गेली. त्या वर्षी गाळ निघाला नाही. पुढच्या वर्षीही निघाला नाही. आत्या दारोदार जाऊन कानीकपाळी ओरडली, की अरे त्या झऱ्याचं तोंड बुजेल, तुम्ही मराल, तुमची जनावरं मरतील. लोक म्हणाले, आत्याचं हे नेहमीचंच आहे. आयुष्यभर वैतागण्याचा हा एक तोटा असतो. माणूस खरंच घाबरून बोलला तरी ऐकणाऱ्याला ते नेहमीचंच वाटतं.

शेवटी गावातल्या शहाण्या माणसांनी तोड काढली. शहाणी माणसं तोड काढायला बसली की जपून असावं. त्यांनी ठरवलं, की भांडण मिटवायला एकच भलीमोठी शिळा करू. पंचक्रोशीत कुणाकडं नसेल एवढी. तिच्यावर रायाजीच्या बापाचं नाव एका अंगाला, सटवाजीच्या बापाचं दुसऱ्या अंगाला, दोन्ही नावं एकाच उंचीवर. आणि ही शिळा लावायची कुठं, तर विहिरीच्या काठावरच, कारण सगळं गाव तिथूनच सुरू झालं. एकदा शिळा लागली की मग सगळे मिळून गाळ काढू.

भिवानं महिनोन्महिने खपून शिळा घडवली. दोन पुरुष उंच होती ती. ओंडक्यांवरून ढकलत, बैल जुंपून ती विहिरीपर्यंत आणली. आता पायासाठी खड्डा घ्यायचा, तर काठावर सगळीकडं पक्का खडक. पहार टाकावी तर पहार उडायची. फिरत फिरत माणसं डोंगराच्या अंगाला आली आणि तिथं जमीन मऊ लागली. वरची माती ओली होती, खालचा खडक पातळ होता, भराभर फुटत गेला. लोकांना केवढा आनंद झाला. म्हणाले, ही जागा आपल्या शिळेचीच वाट बघत होती.

जागा मऊ का आहे, ओली का आहे, हे एकाच्याही मनात आलं नाही. आत्या काठी टेकत तिथं पोचली तेव्हा खड्डा कमरेएवढा झाला होता.

तिनं एकदा खड्ड्याकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ती म्हणाली, की इथं नको. पुढं लावा, मागं लावा, माझ्या घरात आणून लावा, पण इथं नको, इथून झरा जातो. तिनं रायाजीची विनवणी केली, सटवाजीची केली. तिला कुणाची विनवणी करताना गावानं कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं माणसं गोंधळली. मग रायाजीला वाटलं, की आत्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळलं. तो जवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला, "आत्या, तुला वाईट वाटलं असंल. तुझं बी नाव टाकू की. खालच्या ओळीला जागा हाय."

आत्या त्याच्याकडं बघतच राहिली. या पोराला तिनं कडेवर घेऊन घाट चढवला होता. तिला इतका राग आला, इतका राग आला, की जन्मात पहिल्यांदा तिला शब्दच सापडले नाहीत. ती वळली आणि घरी गेली. लोक म्हणाले, बघा, समजूत पटली.

शिळा उभी राहिली. खड्ड्यात दगड ठासले, वरून चुना ओतला, पाया असा पक्का झाला की धरणीकंप आला तरी हलायचा नाही. नारळ फुटले, गूळ वाटला. आणि गूळ खाऊन पाणी प्यायला माणसं विहिरीवर गेली, त्या दिवसापासून पाणी उतरू लागलं. गाळानं अर्धं तोंड आधीच बुजलं होतं, उरलेली वाट चुन्यानं बंद केली. काही दिवसांत तळाशी चिखल राहिला. मग चिखलाला भेगा पडल्या. शिळेची सावली मात्र त्या कोरड्या विहिरीवर छान पडायची.

म्हशी हंबरायला लागल्या, तेव्हा सगळं गाव आत्याच्या दारात गेलं. रायाजी पुढं होता, सटवाजी पुढं होता, आता पुढं व्हायला कुणाची हरकत नव्हती. त्यांनी आत्याचे पाय धरले आणि म्हणाले, की तुझ्या बोलण्यानं जमिनीला पाणी सुटलं होतं. आमच्या आयाबायांनी आम्हाला हीच गोष्ट सांगून वाढवलं. आता पुन्हा एकदा जमिनीला रागव.

आत्यानं डोळे मिटून घेतले.

"अरे मेल्यांनो," ती म्हणाली, "म्या जमिनीला कधी रागावले? जमिनीनं काय केलं होतं? म्या तुमच्या बापांना रागावले. सावलीत बसून तोंडाची वाफ दवडीत होते, त्यांना. म्हणून ते उठले आन् खणाया लागले. म्हणून पाणी लागलं."

आत्या उठली, तिनं पदर खोचला आणि त्यांच्यामधून वाट काढत विहिरीकडं निघाली. माणसं मागं मागं. विहिरीवर येऊन तिनं दोर धरला, खोबणीत पाय घातला आणि कुणाला काही कळायच्या आत उतरायला लागली. त्या वयात ती कशी उतरली, कुणास ठाऊक. असं म्हणतात, खडकानंच तिच्या पायाखाली खोबणी पुढं केल्या. तळाशी जाऊन ती झऱ्याच्या तोंडाशी बसली, हातानं चिखल उकरायला लागली आणि तिथून तिनं वर हाक दिली. शिळा काढा. शिळा निघाल्याशिवाय मी वर येणार नाही.

लोक म्हणाले, आत्या, तू वर ये, मग काढतो. आत्या म्हणाली, मी वर आले की तुम्ही पुन्हा भांडायला मोकळे, मी ओळखते तुम्हाला.

आणि ओळखत होती ती बरोबरच. कारण वर आता निराळाच पेच पडला. शिळेला पहिला हात लावायचा कुणी? रायाजीनं लावावा, तर सटवाजीच्या बापाचं नाव पहिल्यांदा उखडणारा म्हणून त्याची कीर्ती होणार. सटवाजीनं लावावा, तर रायाजीकडचे ते जन्मभर विसरणार नाहीत. पहारी आणल्या, दोर आणले, बैल आणले, आणि माणसं शिळेभोवती उभी राहून एकमेकांकडं बघत बसली. खाली कोरड्या विहिरीत एक म्हातारी नखांनी चिखल काढत होती, आणि वर तिनं पाणी पाजून वाढवलेलं गाव मानापमान करत होतं. सांगणाऱ्यालाही इथं वैताग येतो, काय करणार.

तेव्हा विहिरीतून आवाज सुरू झाला. असं म्हणतात, तो आवाज सात गावांत ऐकू गेला. तिनं एकेकाचं नाव घेऊन सुरुवात केली. कुणाचं नाक तिनं पुसलं होतं, कुणाच्या आईचं बाळंतपण तिनं केलं होतं, कोण ओल्या धोतरानं रडत तिच्या मागं यायचा, सगळं काढलं. पाटलालाही सोडलं नाही, पुजाऱ्यालाही नाही. विहिरीच्या दगडावर आपटून तिचा शब्द दुप्पट होऊन वर यायचा. बैलांनी माना खाली घातल्या. लिंबावरचे कावळे उडून गेले. आणि सगळ्यांच्या शेवटी ती दमली, श्वास घेतला आणि म्हणाली:

"आता असं करा. सगळे जण शिळेला भिडा आन् डोळे मिटा. कुणाचा हात आधी लागला ते कुणालाच दिसणार न्हाई. म्या सांगंन तवा उघडा."

हे सगळ्यांना पटलं. बाया आल्या, बाप्ये आले. शिळेभोवती खांद्याला खांदा लागला, मागच्यांनी दोर धरले, पहारी घातल्या. आणि सगळ्या गावानं डोळे मिटले. कोण कुणाच्या शेजारी आहे ते कळेना. रायाजीचा हात कुणाच्या तरी हातावर पडला, तो सटवाजीचा असेल नाहीतर नसेलही. खालून आत्या ओरडत होती, की लावा जोर, खाल्लेली भाकर कुठं गेली तुमची. आणि गावानं जोर लावला.

शिळा आधी हलली नाही. मग एकदम हलली. ती पायासकट निघाली, दाढ उपटावी तशी, सगळा चुना आणि ठासलेले दगड घेऊन. ती माळाच्या अंगाला कोसळली आणि जमीन हादरली. त्या पायामागं इतके दिवस पाणी तुंबून राहिलं होतं. ते सगळं एकाच वेळी पातळ खडक फोडून विहिरीत गेलं.

लोकांनी पाण्याचा आवाज ऐकला. कुणी हसलं, कुणी रडलं, पण डोळे कुणी उघडले नाहीत, कारण आत्यानं अजून सांगितलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले. पाणी वाजत होतं, मग त्याचा आवाज मोठा झाला, मग जरा भरीव झाला, आणि मग हळूहळू थांबला. विहीर भरत आली असावी. तरी लोक डोळे मिटून उभे होते. आता आत्या ओरडेल, आता म्हणेल, की काय खांबासारखे उभे राहिलात. कुणीतरी हळूच हाक मारली, आत्या. उत्तर आलं नाही. ठकूआत्या गप्प आहे, असा प्रसंग त्या माळावर माणसं राहायला लागल्यापासून कधी आला नव्हता.

सगळ्यांत आधी डोळे कुणी उघडले, हे निमदऱ्यात आजवर कुणी सांगितलेलं नाही. त्या गावात कोण कशात पहिला याचा एवढा सोस, पण हे पहिलेपण कुणी मागितलं नाही. विहीर काठोकाठ भरली होती आणि पाणी स्वच्छ होतं, तळाशी काही दिसत नव्हतं. असं म्हणतात, ती पाण्याबरोबर डोंगराच्या पोटात गेली आणि तिथं झऱ्याला रागावून रागावून बाहेर धाडते. असंही म्हणतात, की तसं काही नसतं, ती बुडाली. सटवाजी काठावर बसून मोठ्यानं रडला. रायाजी रडला नाही. त्यानं पहार उचलली, आपल्या बापाच्या नांगराचा दगड उखडला, खांद्यावर घेतला आणि विहिरीवर आणून टाकला. म्हणाला, पायऱ्या असत्या तर ती वर आली असती.

मग सगळ्या गावातून दगड यायला लागले. चुलीचा आला, गोठ्याचा आला, उकिरड्याचाही आला. ती भली मोठी शिळा भिवानं फोडली. पुढच्या वैशाखात पाणी तळाला गेलं तेव्हा त्या सगळ्या दगडांच्या पायऱ्या विहिरीत बांधल्या, पार तळापर्यंत, अक्षरं खाली आणि सपाट पाठ वर. सुभानाचा दगड तेवढा बांधावर ठेवला. आत्याच्या नावाचा दगड लावावा, असं काहींच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. भिवा छिन्नी घेऊन बसलाही. पण तिच्याबद्दल काय लिहायचं हे ठरवायला माणसं जमली, आणि बोलायला तोंड उघडणार तोच ती काय म्हणाली असती ते प्रत्येकाला आपापल्या कानात ऐकू आलं. माणसं उठून घरी गेली.

त्या विहिरीला आता बारव म्हणतात. बघायला लांबून लोक येतात. मागं एकदा शहरातले काही भले लोक संगमरवरी फलक घेऊन आले होते, बारवेचा इतिहास लिहिलेला. गावानं त्यांचा सत्कार केला, चहा पाजला आणि फलक ठेवून घेतला. वरून चौथी पायरी जरा झिजली होती, तिथं तो बसवला. पालथा.

आणि वैशाखात निमदऱ्यात अजूनही गाळ निघतो. नोकरीधंद्याला गेलेली माणसं त्या दिवसासाठी गावी येतात. आदल्या दिवशी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला निमंत्रण जातं. तिनं आधी नाही म्हणायचं असतं, वैतागायचं असतं, मग यायचं असतं. ती पायऱ्या उतरून तळाशी जाऊन बसते आणि सगळ्या गावाला रागावते. पाटील असो, सरपंच असो, मोटारीतून आलेला जावई असो, कुणी उलट बोलायचं नाही. तिच्या बोलण्याखाली टोपल्या वर जात राहतात. गाळ निघतो, झऱ्याचं तोंड तेवढं राहतं. म्हातारी खाली असेतो त्याला कुणी हात लावत नाही.

कारण त्याआधी सगळं गाव बारवेच्या काठावर येऊन उभं राहतं आणि डोळे मिटतं. खाली बसलेली म्हातारी उठते आणि पायऱ्या चढायला लागते. गुडघे दुखतात, दम लागतो, मधेच बसते, पुन्हा चढते. कुणी घाई करत नाही. लहान पोरंसुद्धा डोळे घट्ट मिटून, तिच्या पावलांचा आवाज ऐकत उभी असतात. ती वरच्या पायरीवर आली की सगळ्यांचे हात पुढं होतात, आणि त्यातले कुठले तरी हात तिला वर ओढून घेतात. मग ती पदरानं तोंड पुसते, जमलेल्या गावाकडं बघते आणि म्हणते, "आले गं बाई एकदाची. उघडा आता डोळे."